नेलपेंटचा रंग लावल्यावर आवडेनासा झाला? खरवडायच्या आधी हे वाचा

बाटलीत भारी दिसलेला रंग दहाही बोटांवर लागला की "अरे देवा, हा काय रंग घेतला" असं होतं, आणि मग हात लपवत फिरायचं किंवा बसल्या बसल्या नखाची कड दुसऱ्या नखाने उचकटायला सुरुवात करायची. त्यातलं हे दुसरं फक्त करू नका. बाकी सगळं निस्तरता येतं. साधं नेलपेंट उचकटल्याने त्यामानाने कमी बिघडतं, पण जेल (लॅम्पखाली घट्ट होणारं) किंवा डिप पावडर (गोंदावर पावडर बसवलेलं) ओढून काढलं की त्याच्यासोबत नखाचे वरचे पातळ पापुद्रे पण निघून येतात, आणि ते परत भरून येत नाहीत, नख मुळापासून वाढून पुढे सरकेल तेव्हाच ते खराब झालेलं कापलं जातं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, म्हणजे पूर्ण नख बदलायला चार ते सहा महिने. एका रंगाच्या रागापायी एवढं कशाला.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी नीट बघायचं, मग रंग वरच्यावर बदलता येतो का ते पाहायचं, आणि काढणं हा सगळ्यात शेवटचा पर्याय. बरेच जण बरोब्बर उलटं करतात.

आधी बघा, प्रॉब्लेम रंगाचाच आहे का

खिडकीपाशी जा, दिवसाच्या उजेडात हात समोर लांब धरून बघा, नाकाशी धरून नाही. पार्लरमध्ये पांढरा एलईडी असतो, घरी पिवळसर बल्ब, आणि एकच शेड या दोन उजेडात दोन वेगळ्या रंगांची वाटते. पिवळ्या लाईटखाली थंड गुलाबी मळकट दिसतो आणि निळसर लाल एकदम तपकिरीकडे झुकतो. म्हणून रात्री घरी येऊन हात बघून निर्णय घेऊ नका, सकाळी बघा.

दुसरं म्हणजे मॅनिक्युअर झाल्या झाल्या बोटांची कातडी तिच्या नेहमीच्या रंगाची नसते. क्युटिकल ढकलून, कापून, घासून नखाच्या कडा लालसर झालेल्या असतात आणि रिमूव्हर लागलेली कातडी पांढरट कोरडी पडलेली असते. त्या लालसर कडेला लागून लाल किंवा गुलाबी रंग अंगावर येतो आणि फिकट न्यूड एकदम आजारी वाटतो. हाताला चांगलं क्रीम चोळा, नखांच्या कडांना तेल लावा आणि काही तास जाऊ द्या. निम्म्या वेळा तक्रार इथेच संपते, खरंच.

तिसरं, कधी कधी रंग बरा असतो पण लांबी किंवा शेप जमलेला नसतो. लांब चौकोनी नखांवर गडद रंग जड दिसतो, तोच रंग आखूड गोलसर नखांवर छान दिसतो. फाईल मारून नख थोडं कमी करून बघायला हरकत नाही, फक्त जेल असेल तर लक्षात ठेवा की टोक घासलं की तिथलं सील उघडतं आणि पाणी आत जाऊन जेल सुटायला लागतं, म्हणून घासून झाल्यावर टोकाच्या कडेवरून टॉप कोटचा ब्रश फिरवायचाच, साधा टॉप कोट असला तरी तात्पुरतं चालतं.

एक रात्र थांबा असं मी सांगेन. याला अपवाद एकच, साधं नेलपेंट आत्ताच लावलंय आणि ओलं आहे. तसं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, आत्ता पुसणं सगळ्यात सोपं.

नखांवर नक्की काय लावलंय ते ओळखा

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. साधं नेलपेंट हवेत वाळतं, त्यातलं सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) उडून जातं आणि मागे नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर राहतो, परत सॉल्व्हंट लावलं की तो परत विरघळतो, म्हणून ते काढायला सोपं. जेल वाळत नाही, लॅम्पच्या उजेडात त्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, त्यामुळे ते रिमूव्हरमध्ये साखरेसारखं विरघळत नाही, फुगतं आणि नखापासून सुटतं. डिपमध्ये चिकटवायला सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे सुपरग्लूच्या जातीचा गोंद आणि वर पावडर. अॅक्रिलिक म्हणजे लिक्विड आणि पावडर मिसळून ब्रशने लावलेला गोळा. आणि हार्ड जेल किंवा पॉलिजेल हे आणखी वेगळं, नखं लांब करायला वापरतात ते, त्यातलं हार्ड जेल अॅसिटोनला (जेल काढायच्या तीव्र सॉल्व्हंटला) दादच देत नाही.

इथे एक गंमत आहे, बाटलीवर "जेल इफेक्ट" किंवा "जेल शाईन" असं लिहिलेलं असतं आणि लोक त्याला जेल समजून काढायला अॅसिटोनचा कापूस आणि फॉइल गुंडाळत बसतात. लॅम्प वापरला नसेल तर ते साधंच नेलपेंट आहे. शंका असेल तर अॅसिटोन नसलेल्या रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून एका नखाच्या कोपऱ्यावर दहा सेकंद दाबून धरा, कापसाला रंग लागला तर साधं, नाही लागला तर जेल किंवा डिप. आणि पार्लरमध्ये केलं असेल तर सरळ फोन करून विचारा काय लावलं, बेस कोणता लावला, रबर बेस (जाडसर लवचिक बेस) आहे का, सोक-ऑफ म्हणजे भिजवून निघणारं आहे का. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

अजून खुर्चीत बसलेले असाल तर

मग बोला. एवढंच. समोरची एवढी मेहनत घेतेय, आता कसं सांगू, असं म्हणून गप्प बसायचं आणि घरी येऊन कुढायचं, यात दोघींचाही फायदा नाही, कारण तिला त्या क्षणी बदलणं पाच मिनिटांचं काम असतं आणि दोन दिवसांनी तेच तासाभराचं.

जेलमध्ये तर टॉप कोट लागायच्या आधी तुमच्याकडे फार चांगली संधी असते. कलरचा थर लॅम्पमधून बाहेर आला की त्यावर एक चिकट थर राहतो, आणि त्या चिकट थरावर दुसरा कलर थेट बसतो, काही घासायला लागत नाही काढायला लागत नाही. म्हणजे "हा जरा जास्तच ऑरेंज दिसतोय, याच्यावर तो बेरीवाला एक पातळ कोट देऊन बघूया का एका बोटावर" एवढं म्हणायचं. टॉप कोट लागल्यावर मात्र तो घासून चमक घालवावी लागते मगच पुढचा थर धरतो.

आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगा की आधी एकच बोट पूर्ण करा, दोन कोट आणि टॉप कोटसकट, मी उजेडात बघते, मग बाकीची नऊ. एक कोट बघून कधीच हो म्हणू नका, पहिला कोट हा नेहमी फसवा असतो, दुसऱ्या कोटला रंग एक-दोन शेड गडद होतो.

घरी गेल्यावर लक्षात आलं तर फोन करून विचारता येतं, पण निघालेलं किंवा तुटलेलं दुरुस्त करून देणं वेगळं आणि रंग आवडला नाही म्हणून बदलून देणं वेगळं, दुसऱ्याला बऱ्याच ठिकाणी नवीन काम धरतात, त्यामुळे भांडणाच्या सुरात नको, विचारण्याच्या सुरात जा.

रंग न काढता बदलणं

हा माझा आवडता भाग, आणि लोक याच्याकडे सगळ्यात कमी बघतात.

सगळ्यात सोपं, मॅट टॉप कोट. चकाकीमुळे रंग खोल आणि भडक दिसतो, मॅटमुळे उजेड विखुरतो आणि तोच रंग मऊ, थोडा फिकट, खडूसारखा दिसतो. भडक गुलाबी, चमचमणारा शिमर, "प्लास्टिकसारखा" दिसणारा लाल, या तिघांवर मॅट जादू करतो. उलट पेस्टल किंवा पांढरट रंग मॅटमध्ये अजून खडबडीत दिसतात, त्यांना मॅट नको. मॅटवर हाताचं क्रीम आणि तेल लागलं की डागाळल्यासारखं दिसतं, ते साबणाने धुतलं की जातं, घाबरू नका.

मग येतो पारदर्शक रंग, ज्याला शीअर किंवा जेली म्हणतात. याचा एकच नियम पाठ करा: पारदर्शक थर रंगाला गडद करू शकतो, वळवू शकतो, पण उजळ कधीच करू शकत नाही. खालून येणाऱ्या उजेडातून तो आणखी काहीतरी गाळून घेतो, वाढवत काही नाही. त्यामुळे तुमची तक्रार "फार भडक, फार पिवळट, फार पांढरा" अशी असेल तर शीअर कामाचा, "फार काळा, फार गडद" असेल तर नाही.

लाल जास्त नारिंगी वाटतोय तर त्यावर शीअर बेरी किंवा जांभळट गुलाबी, एक कोट, लाल लगेच थंड आणि महाग दिसायला लागतो. न्यूड राखाडी-गुलाबी होऊन हात थकल्यासारखे दिसतायत तर शीअर पीच. न्यूड उलट पिवळट असेल तर शीअर गुलाबी. पेस्टल किंवा पांढरा करेक्शन पेनने रंगवल्यासारखा दिसतोय तर शीअर गुलाबी किंवा शीअर न्यूडचे दोन पातळ कोट, याने तो कोरा पांढरेपणा जातो आणि नख नखासारखं दिसतं. तपकिरी चिखलासारखा वाटतोय तर शीअर वाईन. निऑन असेल तर स्मोकी राखाडी शीअर, निऑनमधले रंग फ्लोरोसंट असतात म्हणून दिवसाच्या उजेडात ते खोलीतल्यापेक्षा जास्त पेटतात, आणि वर राखाडी थर बसला की खाली येतात.

शीअर बाटली घरात नसेल तर बनवता येते. फॉइलच्या तुकड्यावर क्लिअर पॉलिशचे चार-पाच थेंब घ्या, त्यात हव्या त्या रंगाचा एक थेंब, टूथपिकने ढवळा आणि ब्रशने लावा. इथे फक्त एक बघायचं, ज्या रंगात पांढरा मिसळलेला आहे म्हणजे दुधी, क्रीमी, पेस्टल, तो पातळ केला तरी काचेसारखा होत नाही, धुक्यासारखा बसतो आणि पॅचेस दिसतात. गडद वाईन, शुद्ध लाल, काळा, गडद निळा असे रंग चांगले पातळ होतात.

गडद रंगाचं काय? काळा, नेव्ही, बॉटल ग्रीन अंगावर आला असेल तर वरून फिकट रंग लावायचा मोह होतो. दोन कोट लावून झाल्यावर पण खालचा गडद डोकावतो, तिसरा लावला की थर इतका जाड होतो की नख ढेकळासारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी कडेने निघतं. गडदावर काम करतात त्या गोष्टी उजेड परत फेकणाऱ्या: बारीक शिमरचा टॉपर, मेटॅलिक फ्लेक्स, होलो म्हणजे इंद्रधनुष्यासारखी चमक देणारा. सोनेरी किंवा चंदेरी शिमरचा एक कोट दिला की काळा एकदम हलका वाटतो. किंवा सगळ्या बोटांवर न लावता टोकाकडून ग्लिटर उतरवत आणा, मेकअप स्पंजच्या तुकड्यावर ग्लिटर घेऊन टोकावर टपटप मारायचं, अर्ध्यावर येऊन सोडून द्यायचं. स्पंज ब्रशमधलं जास्तीचं पातळ पॉलिश शोषून घेतो म्हणून दाणे दाट बसतात.

अनामिकेला वेगळा रंग देणं हाही उपाय सांगतात लोक, माझ्या मते त्याने दहातले दोन प्रश्न सुटतात आणि आठ तसेच राहतात. त्यापेक्षा एका आड एक बोट करा म्हणजे ठरवून केल्यासारखं दिसतं.

जेलवर साधं नेलपेंट, ही ट्रिक कायम लक्षात ठेवा

जेल केलंय, रंग आवडत नाही, काढायला वेळ नाही. जेलच्या वर साधं नेलपेंट बिनधास्त लावता येतं. आधी हात साबणाने धुवा, मग नखांवरचं तेल-क्रीम रबिंग अल्कोहोलने पुसा, कारण तेलकटपणा राहिला की पेंट संध्याकाळपर्यंत सालपटासारखं निघतं. बेस कोट लागत नाही. कलरचे दोन पातळ कोट, मध्ये पाच मिनिटांचं अंतर, मग साधा टॉप कोट, टोकाच्या कडेवरून एकदा ब्रश. गुळगुळीत जेलवर ते नेहमीपेक्षा सुंदर बसतं, हे अगदी खरं.

आणि नको झालं की अॅसिटोन नसलेल्या रिमूव्हरने पटकन पुसायचं, वरचं जातं, खालचं जेल राहतं. अॅसिटोनवाला वापरला तर जेलचा टॉप कोट मंद पडतो, थोडा चिकट-खरखरीत होतो, म्हणून बाटलीचं लेबल वाचा. म्हणजे बघा, खालचं जेल नखाला मजबूत ठेवतं आणि वर तुम्ही दर चार दिवसांनी रंग बदलता, नावडत्या रंगाचे दोन-तीन आठवडे असेच निघून जातात.

घरी लॅम्प असेल आणि जेलवर जेलच लावायचं असेल तर बफरने वरची चमक घालवा, अल्कोहोलने पुसा, एक पातळ कोट, सांगितला तेवढा वेळ लॅम्प, मग टॉप कोट. जाड लावलं तर दोन गोष्टी होतात, लॅम्पमध्ये नख भाजतं कारण घट्ट होताना उष्णता निघते, आणि आतला भाग कच्चा राहतो. कच्चं जेल आणि कातडीला लागलेलं जेल हे दोन्ही अॅलर्जीचं मोठं कारण आहे. यातल्या मेथअ‍ॅक्रिलेट घटकांबद्दल ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये इशारा दिला होता, आणि ही अॅलर्जी एकदा लागली की आयुष्यभर राहते, दाताच्या किंवा हाडाच्या उपचारात अशाच जातीचे पदार्थ वापरतात तिथेही त्रास देऊ शकते. म्हणून कडेला सांडलेलं जेल लॅम्पमध्ये हात घालायच्या आधी काडीने पुसायचं, नंतर नाही. बोटं खाजायला लागली, नखाभोवती पुरळ किंवा बारीक फोड आले तर रंग वगैरे विसरा, जेल बंद आणि डॉक्टर.

काढायचंच ठरलं

साधं नेलपेंट. कापूस रिमूव्हरमध्ये भिजवा, नखावर ठेवून दहा-पंधरा सेकंद नुसता दाबा, मग मुळाकडून टोकाकडे एकाच ओढीत काढा. मागे-पुढे घासत बसलं की लाल रंग सगळ्या बोटाला आणि क्युटिकलमध्ये पसरतो आणि मग दोन दिवस हात जखमी झाल्यासारखे दिसतात. गडद रंगाला प्रत्येक बोटाला नवीन कापूस घ्या आणि आधी नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिनचा हात द्या, रंग कातडीत शिरत नाही. कडेला राहिलेलं काढायला काडीला थोडा कापूस गुंडाळून रिमूव्हरमध्ये बुडवा. ग्लिटर असेल तर घासून जाणारच नाही, त्याला पुढे सांगितलेल्या जेलसारखंच फॉइल गुंडाळा, पाच मिनिटं पुरतात.

आता जेल. यासाठी पाऊण तास मोकळा ठेवा, घाईत हे करू नका, घाई झाली की हात आपोआप खरवडायला लागतो.

लागेल काय तर शुद्ध अॅसिटोन (नेहमीचा रिमूव्हर इथे कमी पडतो), कापूस, फॉइलचे दहा चौकोन, १८० ग्रिटची फाईल, लाकडी काडी, व्हॅसलिन आणि तेल. आणि अॅसिटोन उघडायच्या आधी आजूबाजूला बघा. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे थंड खोलीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते म्हणून खाली खाली पसरत जाते. पेटलेली मेणबत्ती, गॅस, सिगरेट काही नको, खिडकी उघडी. वाटी काचेची किंवा स्टीलची, काही प्लास्टिक त्यात विरघळतात. चष्मा, मोबाईल, पॉलिश केलेलं टेबल, अंगठ्या बाजूला, खाली जुना टॉवेल.

पहिली पायरी फाईल. टॉप कोटची चमक सगळीकडून जाईपर्यंत घासा, टोकाची कडही. हे नाही केलं तर अॅसिटोन आत शिरतच नाही, आणि "अर्धा तास ठेवलं तरी निघालं नाही" म्हणणाऱ्यांचं नव्वद टक्के इथेच चुकलेलं असतं. रंगीत धूळ पडेल ती बरोबर आहे, पण नखाचा रंग दिसायला लागला तर थांबा, जास्त झालं.

मग नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन, नखावर नाही. कापसाचा तुकडा नखाएवढाच, मोठा घेतला तर विनाकारण बोट भाजल्यासारखं कोरडं होतं. भिजवून थोडा पिळा, टपकायला नको. नखावर ठेवा, फॉइल घट्ट गुंडाळा. आधी एकच हात करा, दोन्ही हात फॉइलमध्ये गेले की फोन पण उचलता येत नाही. हाताभोवती कोमट टॉवेल गुंडाळला तर काम लवकर होतं, ऊब एवढीच द्यायची, अॅसिटोनची बाटली गरम करायचा विचार पण मनात आणू नका.

दहा मिनिटांनी फक्त एक बोट उघडा. जेल सुरकुतलेलं, कडेने उचललेलं, कुठे कुठे फुटलेलं दिसलं पाहिजे. फॉइलवर दाब देऊन हलकंसं पिळून खेचलं की बरंचसं त्याच्याबरोबर येतं. राहिलेलं लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे ढकला, काडी नखाला जवळजवळ आडवी धरून. जोर लावावा लागतोय असं जाणवलं तर ते तयार झालेलं नाही, परत ओला कापूस, परत फॉइल, अजून पाच मिनिटं. रबर बेस असेल तर वीस मिनिटंही लागतात. धातूची पट्टी उभी धरून खरवडणं म्हणजे वर सांगितलेलं पापुद्र्याचं काम, ते पार्लरमध्ये कुणी करायला लागलं तरी हात मागे घ्या आणि परत भिजवायला सांगा.

शेवटी काही ठिपके राहतातच, बारीक बफरने दोन-तीन हलके हात मारा, बस.

डिप पण असंच, फक्त थर जाड असतो म्हणून आधी फाईल जास्त आणि वेळ पंधरा-वीस मिनिटं. अॅक्रिलिकला अर्धा तास ते त्याहून जास्त, आणि आधी लांबी कापून घ्या म्हणजे विरघळवायला कमी राहतं. हार्ड जेल घासूनच काढावं लागतं, पॉलिजेलही बहुतेक घासूनच काढतात, ते मशीनची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, घरी त्याच्या नादी लागू नका, त्यापेक्षा वर साधं नेलपेंट लावून पुढच्या फिलिंगपर्यंत (वाढलेल्या नखाची भर घालेपर्यंत) ढकला. चिकटवलेली प्रेस-ऑन नखं असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात तेलाचे थेंब टाकून पंधरा मिनिटं हात बुडवा आणि काडीने कडेकडेने सोडवा.

काढल्यानंतर

नखं पांढरट, पीठ लावल्यासारखी दिसतील. हात धुऊन तेल लावल्यावर पांढरेपणा गेला तर तो नुसता कोरडेपणा होता. तेल लावून पण खरखरीत पांढरे चट्टे तसेच राहिले तर तिथला पापुद्रा गेलेला आहे, त्याला घासून एकसारखं करायला जाऊ नका, अजून पातळ होईल. नखं कमी ठेवा, रोज तेल लावा, ते चट्टे वाढीबरोबर पुढे जातील.

गडद लाल, निळा, काळा बेस कोटशिवाय लावला असेल तर पिवळट डाग राहतो. तो वरच्या थरात मुरलेला असतो, त्याला लिंबू, टूथपेस्ट असलं काही काही करून लोक नखं अजून कोरडी करतात. हलक्या गुलाबी शीअरखाली तो दिसत पण नाही, आणि हळूहळू पुढे सरकून जातो. पिवळेपणा नेलपेंट न लावता पण वाढत असेल, नख जाड होत असेल, हिरवट झाक असेल किंवा नख खालून सुटलं असेल तर मात्र वर रंग लावून झाकू नका, दाखवून घ्या.

लगेच दुसरा रंग लावू का, हा प्रश्न सगळ्यांना असतो. नख गुळगुळीत आहे, बोटाने दाबल्यावर दुखत नाही, कोमट पाणी लागल्यावर झोंबत नाही, तर त्याच दिवशी लावा, नखाला "श्वास" घ्यायला सुट्टी द्यावी लागते हे खरं नाही, बाहेर दिसणारं नख हे मृत केराटिन आहे, त्याला पोषण रक्तातून मुळाशी मिळतं. झोंबत असेल तर थांबा, आणि काढणं आणि परत जेल हे आठवड्यात दोनदा तर नकोच. फक्त लावायच्या आधी ते तेल परत अल्कोहोलने पुसायला विसरू नका.

नवीन शेड निवडताना पारदर्शक चिकटपट्टीच्या तुकड्यावर दोन कोट मारा, वाळू द्या, आणि नखाच्या आकारात कापून नखावर चिकटवून दिवसभर फिरा. स्वयंपाकघरात, ऑफिसच्या लाईटखाली, बाहेर उन्हात, सगळीकडे नजर जाईल तेव्हा कळतं. पार्लरमधल्या सॅम्पल काडीला मात्र नखाच्या शेजारी धरू नका, नखावर झाकून धरा, म्हणजे रंग कातडीला लागून दिसतो.

आणि ती नावडलेली साध्या नेलपेंटची बाटली लगेच कचऱ्यात टाकू नका. फॉइलवर तिच्यात दुसरा रंग थेंब थेंब मिसळून बघा, भडक कोरलमध्ये थोडा तपकिरी घातला की सुंदर विटकरी होतो, उठावदार जांभळ्यात थोडा राखाडी घातला की शांत मोव्ह. प्रमाण आवडलं की चिकटपट्टीवर लावून वाळल्यावर बघा, ओल्यातला रंग वाळल्यावर थोडा गडद होतो. जेल आणि साधं मात्र एकमेकांत मिसळू नका, ते ना लॅम्पमध्ये धड घट्ट होतं ना हवेत वाळतं.